ठरावात काय लिहावे? निवृत्त होणाऱ्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सन्मानाविषयी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाभोवती फिरत होती आणि तो विषय या सदरात याआधी कधी आला नव्हता: स्थानिक स्वराज्य संस्थेतून निवृत्त होणाऱ्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा सन्मान. शहर अभियंत्याचा निरोप समारंभ कसा करावा, हे कोणी विचारत नाही. तो कसा होतो हे सर्वांना ठाऊक असते. ज्या खात्याची आठवण लोकांना कुत्रा चावल्यावर किंवा दारात गाय मरून पडल्यावरच होते, त्या खात्याच्या प्रमुखाविषयी व्यासपीठावर बोलायचे तरी काय, ही खरी अडचण दिसते. नगरसचिवांच्या कार्यालयात ठराव आणि इतिवृत्ते लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून ही उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि गावे वगळली आहेत.

प्रश्न: आमच्या महानगरपालिकेचे मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी ३१ वर्षांच्या सेवेनंतर महिनाअखेर निवृत्त होत आहेत. सर्वसाधारण सभेत त्यांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला जाणार असून मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जुने मसुदे काढून पाहिले, तर सगळ्यांत 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, अजातशत्रू' एवढेच आहे. साहेबांविषयी मला कुत्र्यांच्या गाडीपलीकडे फारसे माहीत नाही. ठरावात काय लिहावे?

उत्तर: 'अजातशत्रू' हा शब्द आधी खोडा. ज्या माणसाने तीस वर्षे शहरातील कुत्र्यांचा विषय हाताळला, त्याला सकाळी 'कुत्री उचला' म्हणणाऱ्यांचे आणि संध्याकाळी 'कुत्र्यांना हात लावाल तर याद राखा' म्हणणाऱ्यांचे शिष्टमंडळ भेटत आलेले असते, आणि दोन्ही शिष्टमंडळे त्याच्यावर चिडूनच बाहेर पडतात. हे सभागृहातील प्रत्येक सदस्याला ठाऊक असल्यामुळे त्या शब्दावर पहिल्या रांगेतच हशा पिकेल.

मसुद्याला बसण्यापूर्वी आस्थापना विभागातून त्यांचे सेवापुस्तक मागवा आणि कोणत्या वर्षी ते कोणत्या जागेवर होते, याची टिपणी काढा. ३१ वर्षांपूर्वी ते रुजू झाले, तेव्हा कुत्र्यांविषयीचा कायदाच वेगळा होता. त्या काळात आपल्याकडील गावाशहरांत भटकी कुत्री मारली जात. कुठे विष घालून, कुठे विजेचा धक्का देऊन. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली २००१ मध्ये श्वान प्रजनन नियंत्रणाचे नियम आले आणि मारण्याऐवजी निर्बीजीकरण, लसीकरण आणि कुत्रे जिथून उचलले तिथेच परत सोडणे, ही पद्धत ठरली. १० मार्च २०२३ रोजी या नियमांच्या जागी नवे नियम आले. म्हणजे तुमच्या साहेबांनी एकाच खुर्चीवर बसून दोन परस्परविरुद्ध धोरणे राबवली. पहिल्या धोरणाची हत्यारे कुलूपबंद करून दुसऱ्यासाठी शस्त्रक्रियागृह, पिंजरे, गाडी आणि माणसे उभी करण्याचे काम ज्या पिढीच्या वाट्याला आले, ती पिढी आता निवृत्त होत आहे. ठरावातील पहिला परिच्छेद यावरच असावा, असे मला वाटते.

मारण्याला लोकांचा विरोध हे आजचे फॅड आहे, अशी अनेक सदस्यांची समजूत असते, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. जून १८३२ मध्ये मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी रहिवासी रस्त्यावर उतरले होते आणि दंगल आवरण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाईंच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ, म्हणजे निराधार जनावरांचे आश्रयस्थान, उभी राहिली. कुत्र्यांवरून नगरप्रशासनाशी भांडण्याची परंपरा आपल्याकडे महानगरपालिकांच्याही आधीची आहे.

निर्बीजीकरणाविषयी लिहिताना 'हजारो शस्त्रक्रिया यशस्वीपणे पार पाडल्या' असे मोघम वाक्य नको. नोंदवहीत आकडा असतो आणि तो कसा तपासला जातो, हे मी एकदा जवळून पाहिले आहे. काढलेली इंद्रिये फॉर्मलिनमध्ये ठेवतात आणि देखरेख समितीसमोर ती मोजून मगच नष्ट करतात, कारण शस्त्रक्रिया करणाऱ्या संस्थेला पैसे शस्त्रक्रियांच्या संख्येवर मिळतात आणि कागदावरची संख्या फुगवणे अवघड नसते. समितीचा लिपिक म्हणून मी वही घेऊन उभा होतो. बादलीचे झाकण उघडताच डोळ्यांतून पाणी आले, घसा धरला, आणि अधिकारी मात्र हातमोजे चढवून एकेक नग बाहेर काढत होते: नराचे दोन म्हणजे एक कुत्रा, मादीचे गर्भाशय म्हणजे एक कुत्री. वहीतल्या संख्येपेक्षा बादलीतली संख्या नऊने कमी भरली. त्यांनी आवाज चढवला नाही. नऊ शस्त्रक्रियांचे देयक कापले, आणि तो शेरा लाल शाईने माझ्याकडूनच लिहून घेतला. तुमच्या साहेबांच्या कारकिर्दीत असा एखादा लाल शेरा सापडला, तर तो कोणत्याही विशेषणापेक्षा मोलाचा समजा.

कुत्र्यांच्या पलीकडचे काम तुम्हाला विचारूनच मिळवावे लागेल, कारण ते बहुधा पहाटे होते. पशुवधगृहात जनावर कापण्यापूर्वी एकदा आणि कापल्यानंतर एकदा तपासणे, हे पशुवैद्याचे रोजचे काम आहे. कत्तलीनंतर तो यकृत आणि फुप्फुस चिरून पाहतो, लसिकाग्रंथी कापून पाहतो, गाठी किंवा कृमी आढळल्यास तो भाग, आणि गरज पडल्यास सारे मांस, बाद करतो. ज्यावर शिक्का पडतो तेच बाजारात जाते. मुंबईत देवनारचे पशुवधगृह १९७१ मध्ये सुरू झाले आणि बकरी ईदच्या आधी तिथल्या बाजारात लाखाच्या वर बकरे उतरतात. त्या दिवसांत तिथला पशुवैद्य घरी जेवायला गेला, तर ती बातमीच समजावी. शिवाय महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे प्रत्येक तपासणीला कायद्याची आणखी एक धार आली आहे. आपल्या ताटात निरोगी मांस यावे म्हणून पहाटे चार वाजता कोणी यकृत चिरत असते, हे ठरावात लिहायला शाकाहारी सदस्यांचीही हरकत असू नये.

त्यानंतर कोंडवाडा. १८७१ च्या गुरे अतिक्रमण अधिनियमापासून चालत आलेली ही व्यवस्था शहरात अजून जिवंत आहे. मोकाट गाय पकडून आणली की तिचा मालक अर्ध्या तासात, बहुधा एखाद्या नगरसेवकाच्या फोनसह, हजर होतो. दंड आणि चाऱ्याचा खर्च वसूल केल्याशिवाय गाय न सोडणारा अधिकारी तुमच्या सभागृहातील किती सदस्यांना कधी ना कधी अप्रिय झाला असेल, याचा हिशेब मी करत नाही. तुमच्या महानगरपालिकेकडे प्राणिसंग्रहालय असेल, तर तेही पाहा. भायखळ्याची राणीची बाग, पुण्यातील कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आणि छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान ही तिन्ही त्या त्या महानगरपालिकांची आहेत, आणि अशा ठिकाणी आजारी वाघाचा रक्तनमुना घेण्याची वेळ येते ती पशुवैद्यावरच.

मग साथी आणि संकटे. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत गोठ्यांत आणि पशुवधगृहात हजारो जनावरे मेली होती. पाणी ओसरल्यावर ते सगळे शव कुजण्याच्या आत हलवणे हेच एक मोठे काम होऊन बसले. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या आणि ठाण्यात पक्षी मरू लागले, तेव्हा कावळा मेला तरी लोक महानगरपालिकेला फोन करत होते. २०२२ मध्ये गुरांमध्ये लंपी या त्वचारोगाची मोठी साथ आली. या चारपैकी जी संकटे तुमच्या शहराच्या वाट्याला आली, तेवढीच ठरावात घ्या. दुसऱ्या शहराचे श्रेय उसने आणू नका.

मसुद्याचा नमुना असा धरता येईल: 'सन अमुक ते अमुक या काळात यांच्या देखरेखीखाली शहरात इतक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि इतक्या कुत्र्यांचे रेबीज प्रतिबंधक लसीकरण झाले, इतकी जनावरे कत्तलीपूर्व तपासणीत अयोग्य ठरवून बाजारात जाऊ दिली नाहीत, अमुक साली अमुक साथीत शहरातील पशुधनाचे लसीकरण इतक्या दिवसांत पूर्ण केले. या सेवेची नोंद ही सभा कृतज्ञतापूर्वक घेत आहे.' रिकाम्या जागा खात्याच्या नोंदवह्यांवरून भरा. सूचक आणि अनुमोदक यांची नावे द्या, आणि मंजूर ठरावाची प्रत इतिवृत्तात ठेवण्याबरोबरच सेवापुस्तकाला जोडण्याविषयी आस्थापना विभागाला लिहा. मधली काही वर्षे अनेक महानगरपालिकांत सभागृहच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते, आणि त्या काळात निवृत्त झालेल्यांना सभेचा ठराव मिळालाच नाही. तुमच्याकडे सभा आहे, तर तिचा उपयोग करून घ्या.

प्रश्न: आमच्या कार्यालयात पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या निरोप समारंभासाठी प्रत्येकी पाचशे रुपये वर्गणी गोळा केली जात असून सोन्याची अंगठी द्यायचे ठरले आहे. शहरातील काही खाद्यविक्रेते आणि श्वानप्रेमी संस्थाही आपापला जाहीर सत्कार करू इच्छितात. यात काही नियमबाह्य आहे का?

उत्तर: आहे, आणि ते वेळीच थांबवा. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नियम १४ मध्ये याविषयी स्पष्ट लिहिले आहे: पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र स्वीकारता येत नाही किंवा आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेस जाता येत नाही, निवृत्ती किंवा बदलीच्या वेळचा खासगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा निरोप तेवढा चालतो, आणि त्यासाठी कोणत्याही कर्मचाऱ्यावर वर्गणीची सक्ती करण्यास मनाई आहे. महाराष्ट्राच्या १९७९ च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांचा रोखही तोच आहे. तुमच्या महानगरपालिकेचे सेवानियम काय म्हणतात, ते सामान्य प्रशासन विभागाकडून एकदा तपासून घ्या.

अंगठीचा विचार सोडा. खाद्यविक्रेते आणि संस्था यांच्याकडून सत्कार तर सेवेत असताना मुळीच नको, कारण त्यांतील काहींचे परवाने, देयके किंवा तक्रारी त्याच अधिकाऱ्याच्या सहीने मार्गी लागलेल्या असणार. अधिकारी निवृत्त होतात ते महिन्याच्या अखेरच्या दिवशी कार्यालय सुटल्यावर. त्यानंतर त्यांचा सत्कार कोणी करावा, हा त्यांचा आणि सत्कार करणाऱ्यांचा प्रश्न राहतो. चहा, शाल, श्रीफळ आणि ज्याला जमेल तशी स्वेच्छेची वर्गणी, एवढे पुरेसे आहे. शिपायाकडून पाचशे रुपये घेऊन साहेबांना अंगठी देणे हे मला तरी निरोपाचे लक्षण वाटत नाही.

प्रश्न: गेल्या वर्षी माझ्या सात वर्षांच्या मुलाला सोसायटीच्या फाटकाजवळ कुत्रा चावला. मी संबंधित अधिकाऱ्यांना भेटले, तेव्हा 'शस्त्रक्रियेनंतर कुत्रे पुन्हा तिथेच सोडावे लागेल' असे सांगण्यात आले. आता त्याच अधिकाऱ्यांच्या गौरव समारंभाचे निमंत्रण सोसायटीला आले आहे. मी का जावे?

उत्तर: जाऊ नये असे वाटत असेल, तर अजिबात जाऊ नका. सत्काराला न जाण्याचा अधिकार कोणालाही असतो, आणि ज्या आईने मुलाला एकामागून एक इंजेक्शने घेताना धरून ठेवले आहे, तिच्याकडून टाळ्यांची अपेक्षा कोणी करू नये.

तरीही कोणत्या गोष्टीचा दोष कोणाकडे जातो, ते वेगळे करून सांगतो. कुत्रे त्याच जागी परत सोडणे ही त्या अधिकाऱ्यांची मर्जी नव्हती, तो नियम होता. २०२३ च्या नियमांनुसार शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस कुत्र्याची निगा राखायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचलले तिथे नेऊन सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी हेच तत्त्व कायम ठेवताना रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्र्यांना त्यातून वगळले, आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांसारख्या जागांतून कुत्री हलवून ती परत तिथे न सोडण्याचा आदेश दिला. तुमच्या मुलाला चावलेले कुत्रे आक्रमक ठरवून वेगळे ठेवता आले असते का, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

ज्याबद्दल अधिकाऱ्याला जाब विचारता येतो, ती गोष्ट निराळी आहे. तुमच्या प्रभागातील किती कुत्र्यांच्या कानाला खूण आहे? लसीकरण किती झाले? रेबीजची साखळी तोडायची, तर परिसरातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळालेली असावी लागते. पाच-पंचवीस टक्क्यांवर थांबलेल्या मोहिमेचा उपयोग जवळपास शून्य असतो. शेजारच्या गोव्यात राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी वर्षानुवर्षे घरोघर जाऊन, वाडीवाडीत जाळी घेऊन कुत्र्यांना लसी टोचल्या आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झाले. हे काम किती मोठे आहे, याची कल्पना यावी म्हणून सांगतो: २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख भटकी कुत्री मोजली गेली. मुंबईत २०१४ च्या पाहणीत ९५,१७२ आली होती.

म्हणून गौरव समारंभाच्या संयोजकांना माझी एक सूचना आहे. 'शहराला भटक्या कुत्र्यांच्या समस्येतून मुक्त केले' असे मानपत्रात कृपया लिहू नका. ते खरे नसते, आणि या बाईंसारखी एखादी आई सभागृहात बसलेली असते. तुम्हाला मात्र एवढेच सांगेन की समारंभाला गेला नाहीत तरी, त्यांच्या जागी जे येतील त्यांच्याकडे कानाची खूण आणि लसीकरण या दोन आकड्यांची लेखी मागणी करा. आणि पुन्हा कधी असा प्रसंग आलाच, तर रुग्णालयात निघण्यापूर्वी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. अनेक जण हे करत नाहीत, हळद लावतात.

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये राहतो. आमच्या काउंटीच्या प्राणी सेवा विभागाच्या संचालिका निवृत्त होत असून काउंटीच्या बैठकीत त्यांच्या सन्मानार्थ घोषणापत्र वाचले जाणार आहे. त्यांच्याच निवाऱ्यातून आम्ही दोन कुत्री दत्तक घेतली, म्हणून मला दोन मिनिटे बोलायला सांगितले आहे. 'आमच्या भारतात' अशी तुलना करावी का?

उत्तर: करू नका. दोन्हीकडे कामाचे नाव सारखे वाटले, तरी काम एक नाही. तुमच्याकडे कायद्याच्या नजरेत कुत्र्याला मालक असतो किंवा ते निवाऱ्यात असते. रस्त्यावर कायम वस्ती करणारे कुत्रे ही कल्पनाच नाही. त्यामुळे तिथल्या संचालिकेची परीक्षा निवाऱ्याच्या दारात होते: आत आलेल्यांपैकी किती प्राणी दत्तक, मालकाकडे किंवा दुसऱ्या निवाऱ्यात जिवंत गेले, आणि कितींना जागेअभावी मारावे लागले. टेक्सासमधील ऑस्टिन शहराने २०१० मध्ये ठराव करून ही हत्या थांबवायचे ठरवले आणि २०११ मध्ये जिवंत बाहेर पडणाऱ्या प्राण्यांचे प्रमाण ९० टक्क्यांवर नेले. ज्या दिवशी पिंजरे भरलेले असतात, त्या दिवशी यादीवर सही कोण करते, हे तुमच्या बाईंना विचारून पाहा. त्या सांगतीलच असे नाही.

रेबीजचेही तसेच. कुत्र्यांमधून पसरणारा रेबीज अमेरिकेतून संपला, हे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ मध्ये जाहीर केले. टेक्सासने १९९५ पासून कोयोटी (कुत्र्याच्या कुळातील तिथला रानटी प्राणी) आणि कोल्ह्यांसाठी विमानातून लसयुक्त आमिषे टाकली होती. ते काम काउंटीचे नव्हते, राज्याचे होते. काउंटीकडे असते ते चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवणे, पाळीव कुत्र्यांच्या लसीकरणाची अंमलबजावणी आणि हरवलेल्या जनावराचे मालक शोधणे. तुमच्या दोन मिनिटांत तुमच्या दोन कुत्र्यांविषयीच बोला: ती निवाऱ्यात कोणत्या अवस्थेत होती, कोणत्या दिवशी घरी आली, आता कुठे झोपतात.

जाता जाता एक गंमत. तिथल्या घोषणापत्रात जवळपास प्रत्येक परिच्छेद 'व्हेअरॅज' (Whereas) या एकाच कायदेशीर शब्दाने सुरू होतो. मराठीत त्याला तयार जोडी आहे, 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी'. आपल्या कचेऱ्यांतील नोटिसा आणि अधिसूचना आजही त्याच चालीवर लिहिल्या जातात. फरक इतकाच की आपल्याकडे 'ज्याअर्थी' वाचले की माणसाला घाम फुटतो.

प्रश्न: कुत्री पकडणाऱ्या गाडीवरील कामगार कंत्राटी आहेत. समारंभाला त्यांना बोलवावे, असे साहेब म्हणतात. आमचे उपायुक्त म्हणतात, 'त्यांचे व्यासपीठावर काय काम?' काय करावे?

उत्तर: साहेबांचे ऐका. कुत्र्याच्या मागे जाळे घेऊन गल्लीत धावणाऱ्याला शिव्या दोन्ही बाजूंच्या मिळतात, चावा एकट्यालाच बसतो. त्यांची नावे मानपत्रात घ्या, आणि त्यांना चावा बसण्याआधीची प्रतिबंधक लस दिली आहे की नाही, हेही त्याच दिवशी तपासा. उपायुक्तांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवा.

प्रश्न: माझे वडील नगरपरिषदेतून पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून या महिन्यात निवृत्त होत आहेत. ते म्हणतात, समारंभ नको. आई म्हणते, इतकी वर्षे सणासुदीला घरी नव्हते, एक दिवस तरी त्यांच्यासाठी व्हावा. ते फक्त एवढेच बोलतात की लसींच्या फ्रिजला जनरेटरची जोडणी अजून झालेली नाही. मी काय करू?

उत्तर: दोघांचेही म्हणणे मानता येईल. कार्यालयातला समारंभ वडिलांच्या इच्छेप्रमाणे टाळा किंवा चहापुरता ठेवा, आणि घरी आईच्या इच्छेप्रमाणे पान वाढा. त्या पंगतीला त्यांचा जुना गाडीचालक, दवाखान्यातला ड्रेसर आणि शस्त्रक्रियेला मदत करणाऱ्या बाई यांना आठवणीने बोलवा. जेवण बकरी ईद किंवा पोळा अशा दिवशी ठेवू नका. सवयीने ते उठून जातील.

फ्रिजचे मात्र गांभीर्याने घ्या. रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. भारनियमनात फ्रिज रात्रभर बंद राहिला, तर सकाळी कुपी दिसायला तशीच असते आणि टोचणाऱ्याला काही कळत नाही. तुमच्या वडिलांनी त्या जोडणीसाठी पत्रे लिहिली असतील, त्यांच्या प्रती कार्यालयात असतील. त्या प्रतींवर जावक क्रमांक आणि तारखा आहेत का ते पाहा, आणि त्यांच्या निवृत्तीच्या आधी, त्यांच्याच सहीने, मुख्याधिकाऱ्यांना एक स्मरणपत्र जाऊ द्या. पोहोच घ्यायला विसरू नका.